आलिशान गाडीत कोणतं पेट्रोल भरायचं: साधं, 95 की 100?

माझ्या मेव्हण्यानं गेल्या दिवाळीत 2018 ची एक जर्मन सेडान घेतली, सेकंडहँड पण ठेवलेली अगदी जपून. पहिल्या दिवसापासून तो तिच्यात 100 ऑक्टेनच भरत होता. एवढी महागाची गाडी, तिला पेट्रोलही भारीतलंच हवं, हा त्याचा हिशोब. एका रविवारी पार्किंगमध्ये उभे असताना मी त्याला टाकीचं बाहेरचं झाकण उघडायला लावलं. आतल्या बाजूला धुळीनं माखलेला स्टिकर होता. बोटानं पुसला तर त्यावर लिहिलेलं, ‘किमान 95 आरओएन’ (आरओएन हे ऑक्टेनचं एक मोजमाप). एवढ्या महिन्यांत त्यानं तो एकदाही वाचला नव्हता.

नवी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्व्हो घेतलेल्या किंवा घेणाऱ्या प्रत्येकानं सुरुवात तिथूनच करावी. पंपावर किंवा शोरूममध्ये कोण काय म्हणतं ते नंतर.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, हे आधी पक्कं करू. ती पेट्रोलची सहनशक्ती आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, ठिणगी पडते, ज्वाला पसरू लागते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप भडकलं तर धातूवर हातोडी मारल्यासारखी टकटक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनात दाब जास्त, म्हणून त्याला जास्त ऑक्टेन लागतं. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्याला चाहूल लागली की गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. एप्रिलच्या दुपारी, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि समोर खंबाटकीचा चढ, अशा वेळी हा फरक पायाला जाणवतो. एरवी शहरातल्या सिग्नल-टू-सिग्नल गाडीत सहसा जाणवत नाही.

उलट, इंजिन 95 साठी बांधलेलं असेल तर 100 घालून फारसं काही हाती लागत नाही. जास्तीची सहनशक्ती वापरायला इंजिनाकडे जागाच नसते.

आता पंपावरचे पर्याय. काही वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. साधं पेट्रोल 91, स्टिकरवर 95, म्हणून 95 भरा. आज ते उत्तर जुनं झालंय, कारण साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं, यालाच ई20 म्हणतात. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या घरात आहे. त्यामुळे ई20 चं ऑक्टेन 95 पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलंय. म्हणजे नुसता आकडा बघितला तर बहुतेक लक्झरी गाड्यांची गरज साध्या पेट्रोलवर भागते. मग वेगळं 95 घेऊन काय मिळतं? मुख्यतः इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणारी रसायनं. इथेनॉल मात्र त्यातही असतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

100 चं गणित वेगळं. इंडियन ऑइलनं एक्सपी 100 डिसेंबर 2020 मध्ये दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई आणि पुणे होतं. त्यात इथेनॉल नसतं. माझ्या मते त्याची खरी किंमत 100 या आकड्यात नाही, या इथेनॉल नसण्यात आहे.

पैशांचं बघू. 2025 मधले पुण्यातले भाव ढोबळमानानं धरले तर साधं 104, 95 त्याहून सात-आठ रुपयांनी महाग आणि 100 हे 160 च्या पुढेमागे. साठ लिटरची टाकी फुल केली तर 95 ला साधारण साडेचारशे रुपये जास्त जातात आणि 100 ला तीन हजारांच्या वर. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते. म्हणून बिनइथेनॉलचं पेट्रोल ई20 पेक्षा सहा-सात टक्के जास्त अंतर नेऊ शकतं. पण पैसे दीडपट जातात, तेव्हा मायलेजसाठी 100 भरणं कोणत्याच हिशोबात बसत नाही.

मग कुणी काय भरावं? एप्रिल 2023 नंतरची, ई20 चालेल असं कंपनीनं स्पष्ट लिहिलेली आणि स्टिकरवर 95 असलेली गाडी असेल तर मी साधं किंवा 95 यापैकी एक घेईन. मन 95 कडे झुकतं. ज्या गाडीचे इंजेक्टर बदलायला मोठी रक्कम मोजावी लागते, तिच्यासाठी टाकीमागे साडेचारशे मला जड वाटत नाहीत. साधं भरलं तरी अपराधी वाटायचं कारण नाही.

मर्सिडीजच्या एएमजी, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या, पोर्शे यांसारख्या गाड्यांत बऱ्याचदा 98 ची शिफारस असते. तिथे 100 भरा आणि पुढे विचार करू नका. त्या इंजिनांना जास्तीच्या ऑक्टेनचा खरोखर उपयोग होतो.

खरी अडचण मेव्हण्यासारख्यांची. 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तकात इथेनॉल जास्तीत जास्त 10 टक्के, असं लिहिलेलं सापडतं. त्याच्या पुस्तकातही तेच निघालं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. जुने रबरी पाइप आणि सील त्याच्यासाठी बनवलेले नसतील तर हळूहळू खराब होऊ शकतात. त्यात गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघत असेल तर तेच पेट्रोल टाकीत आठवडेच्या आठवडे पडून राहतं. अशा गाडीला निव्वळ 100 भरणं उत्तम, पण खिसा रिकामा होतो. आम्ही मधला मार्ग काढला: अर्धी टाकी 100, अर्धी 95. इथेनॉल दहा टक्क्यांवर येतं, ऑक्टेन 95 च्या वरच राहतं आणि वरच्या भावांनुसार लिटरचा सरासरी भाव 135-136 पडतो. टाकी जवळजवळ रिकामी असतानाच असं भरायचं, नाहीतर आधीच्या ई20 मुळे प्रमाण बिघडतं.

पंपावर नावाला भुलू नका. ‘पॉवर’, ‘स्पीड’ एवढंच ऐकून नळी लावू देऊ नका, आकडा किती ते विचारा. नुसत्या नावावरून ऑक्टेन कळत नाही. नाव साधारण तेच ठेवून वेगवेगळ्या ऑक्टेनची पेट्रोलं विकली गेली आहेत.

अमेरिकेत राहून आलेल्यांची हमखास गफलत होते ती आकड्याची. तिथल्या पंपावरचं 91 म्हणजे आपल्याकडचं 95-96, कारण ते दोन मोजमापांची सरासरी लिहितात आणि आपण आरओएन लिहितो. तिकडे प्रीमियम 91 भरायचो, म्हणून इथेही गाडीला 91 चालेल, असं समजू नये.

डिझेल गाडीवाल्यांना यातलं काहीच लागू नाही, तिथे ऑक्टेन नव्हे तर सिटेन, म्हणजे डिझेल किती सहज पेट घेतं त्याचा आकडा, बघतात.

राहिला प्रश्न प्रवासाचा. 100 प्रत्येक पंपावर मिळत नाही आणि हायवेवर तर शोधावं लागतं. 98 ची शिफारस असलेली गाडी घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालात आणि वाटेत ते मिळालं नाही, तर पुस्तकात किमान 95 चालतं का ते बघा. बऱ्याच गाड्यांना चालतं. तसं असेल तर 95 भरा, चढावर खालच्या गिअरमध्ये राहा, अॅक्सिलरेटर एकदम दाबू नका आणि पुढच्या टाकीला परत 100 वर या.