सिंह-उंदीर घ्यावा की डोंगर-खार?

ज्याची त्याची ताकद वेगळी, हे परिपाठात किंवा बालसभेत मुलांपर्यंत पोचवायचं तर दोन गोष्टी हाताशी असतात. एक इसापाचा सिंह-उंदीर, दुसरी अमेरिकन कवी राल्फ वाल्डो इमर्सनची डोंगर आणि खारीच्या भांडणाची छोटी इंग्रजी कविता. आमच्या जिल्हा परिषद शाळेत, तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात, मी दोन्ही घेतल्या आहेत. सिंह-उंदराचं कथानक तुम्हाला ठाऊकच आहे. कवितेत डोंगर खारीला 'चिमुकली आगाऊ' म्हणून हिणवतो, आणि बाकी सगळं तिचं उत्तर आहे.

सोयीचं म्हणाल तर सिंह-उंदीरच. गोष्ट मराठीत मुरलेली आहे, जोडीला पंचतंत्रातला कबुतरांचं जाळं कुरतडणारा हिरण्यक उंदीर सांगता येतो, नाटकाला एक जुनी मच्छरदाणी पुरते. पहिली-दुसरीला मी अजूनही तीच सांगतो.

खारीच्या कवितेला मेहनत लागते. ओळी 19, मराठीत आपल्यालाच उतरवून घ्याव्या लागतात. सगळ्या तऱ्हेच्या गोष्टी आणि हवामान एकत्र आलं तेव्हा वर्ष होतं, ही मधली ओळ मुलांना जड जाते. मी ती 'तपन, पाऊस अन् थंडी, तिन्ही मिळून साल' अशी केली. कपाशीला यातलं काय काय लागतं, हे मग पोरंच मला सांगू लागली. डोंगर म्हणजे व्हरांड्यातून दिसणारा गाविलगडचा, आणि खारीच्या हातात बोराची आठोळी.

तरीही मेहनतीच्या बाजूनं माझं मन वळलं ते एका खटकणाऱ्या गोष्टीमुळे. उंदीर आधी जीवदान मागतो, 'कधीतरी तुमच्या कामी येईन' म्हणतो, आणि पुढे कामी येतो म्हणूनच त्याची किंमत ठरते. चौथीतल्या एका पोरीनं सरळ विचारलं, "अन् सर, सिंह जायात सापडलाच नसता तं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून पाहिली, पण तो प्रश्न काही हटेना. लहानानं मोठ्याच्या उपयोगी पडावं, तेव्हाच तो मोजला जाणार, हे मला आमच्या लेकरांना शिकवायचं नाही. मजुरीला जाणाऱ्या घरांतली ती लेकरं, हे त्यांना न शिकवताही कळतं.

खार काही मागत नाही. मला पाठीवर जंगल वाहता येत नाही, तुला आठोळी फोडता येत नाही, एवढंच म्हणते. कविता झाल्यावर मी मुलांना तशाच जोड्या जुळवायला लावल्या. वाचनात अडखळणारा एक पोरगा वर्गातल्या हुशार मुलाला म्हणाला, "तुले पाढे येते, मले कवडी कापूस नुसता हात लावून समजते." कवडी म्हणजे हलका, खराब कापूस. त्या हुशार मुलानं मान हलवली, कारण ते खरंच होतं. हा अनुभव एका वर्गाचा आहे, तुमच्याकडे वेगळं घडू शकतं.

खार उलट उत्तर देते, मुलं आगाऊ होतील, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. शंका रास्त आहे. पण ती डोंगराचं मोठेपण आधी कबूल करते, तुझ्या अंगावर खारींना छान वाट मिळते असंही म्हणते. लांबी कमी करायची म्हणून याच ओळी गाळू नका. त्या गेल्या तर नुसतं भांडण उरतं.

बसवायची ठरवलीत तर शेवटून सुरुवात करा. आठोळीच्या ओळी तोंडी बसल्या की बाकीचं सोपं जातं. आणि डोंगर एकट्या मुलाला करू नका. अंगानं थोराड असलेलं पोरच त्यासाठी पुढे केलं जातं, आणि तास संपला तरी ते नाव त्याला चिकटतं. पाच-सहा जण खांद्याला खांदा लावून उभे करा, त्यात एक-दोन बारकेही घ्या.