मनगटावरचा फिटनेस बँड : दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवडाभर आधी मुलीने हा बँड माझ्या मनगटाला बांधला. आता जूनचा पाऊस लागलाय. म्हणजे चवथीची धावपळ, थंडी, मे महिन्याचा घाम, सगळ्यात तो वापरून झाला. साडेतीन हजारांच्या आतला साधा बँड आहे. तो घेतला माझ्या झोपेसाठी.

मी ३२ वर्षं इस्पितळात स्टाफ नर्स होते. मॉर्निंग, ईव्हनिंग, नाइट अशी फिरती ड्यूटी. साठीला निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता पोटभर झोपायचं. झालं उलटंच. दुपारी हुमण-शीत, म्हणजे माशांची आमटी-भात, जेवलं की दोन तास डोळा लागायचा. रात्री मालिका बघता बघता आठलाच मान कलायची आणि अडीचला टक्क जाग. मग सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू येईपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहायचं. वय वाढलं की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, पेंग लवकर आणि जागही लवकर, हे मला ठाऊक होतं. पण ड्यूटी कितीही आडवेळची असली तरी ती दिवसाला बांधून ठेवते. ती सुटली आणि माझा दिवसच सैल झाला.

या बँडचा सगळ्यात मोठा फायदा मी आधी सांगते, कारण खोक्यावर त्याचा उल्लेखही धड नाही. तो मनगटावर थरथरून उठवतो. आवाज नाही, शेजारच्याची झोपमोड नाही. रोज साडेपाच. रात्र कशीही गेली असो, रविवार असो, उठायचं साडेपाचलाच. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते, आणि तेवढी एक धरून ठेवली की बाकीचं हळूहळू जागेवर येतं. उजाडलं की मी बाहेर पडते. आमचं घर गोव्यात, म्हार्दोळला. देवळाच्या बाजूने, जाईच्या मळ्यांकडून फिरून यायला पाऊण तास लागतो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूला दिवस सुरू झाल्याची खूण मिळते आणि रात्रीची झोप कधी यायची तेही तिथूनच ठरतं. पावसात छत्री घेऊन जाते. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

दुसरा थरथरणारा गजर दुपारचा, पंचवीस मिनिटांनी डुलकीतून उठवणारा. पहिले तीन आठवडे हा फार जड गेला. गोव्यात दुपारी दुकानंसुद्धा बंद असतात, सगळा वाडा आडवा झालेला असतो, आणि मी डोळ्यांवर पाणी मारून परसात जास्वंदीची छाटणी करत होते. चहा चारच्या पुढे बंद केला. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. तिन्हीसांजेला टीव्हीसमोर बसायचं सोडलं. दिवा लावला की बाहेर एक फेरी. त्या वेळी जाई उमलत असते, पेंग येत नाही. दहाच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही. झोप लागत नसेल तर उठून सोप्यावर जपमाळ घेऊन बसायचं, पेंग आली की परत आत.

दिवाळीपर्यंत अडीचची जाग जवळजवळ गेली. आता तीनच्या सुमारास एकदा लघवीला उठते आणि पुन्हा झोपते. रात्रीचे साडेसहा ते सात तास मिळतात. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांना ७ ते ९ तास आणि ६५ च्या पुढे ७ ते ८ तास सांगितले आहेत. मी ६१ ची. दुपारची डुलकी धरली तर मला पुरतं, दिवसभर डोकं हलकं असतं.

आता झोपेच्या आकड्यांविषयी. यावर विश्वास ठेवू नका, हे मी कळकळीने सांगते.

नोव्हेंबरात एका रात्री आमचे हे घोरता घोरता मध्येच गप्प झाले. मी उठून खुर्ची ओढली आणि जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन त्यांच्या छातीकडे बघत बसले. श्वास थांबायचा, मग एकदम धापेसारखा यायचा. दहा सेकंदांच्या वरचा खंड मोजायचा असतो. मी बारा, चौदा, एकदा अठरा मोजले. दीड ते पावणेतीन मी तशीच बसून होते, हातसुद्धा हलवला नाही. ह्यांना जाग आली, म्हणाले, "अगो, तू अजून जागीच? झोप गो." सकाळी बँड बघितला तर त्या सव्वा तासात मला चाळीस मिनिटं गाढ झोप लागली होती म्हणे.

झोप ओळखायला बँडकडे असते फक्त मनगटाची हालचाल आणि नाडी. झोपेचे टप्पे खरे मोजायचे तर डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. निश्चल बसलेला माणूस त्याला झोपलेलाच वाटतो. ह्यांची रीतसर तपासणी करून घेतली, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, निघाला. आता मशीन लावून झोपतात आणि आम्हा दोघांनाही बरं आहे. घरात कोणी घोरताना श्वास अडकवत असेल तर बँडच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडे न्या.

त्याआधी महिनाभर मीही उठल्या उठल्या बँडने झोपेला दिलेले गुण बघायची. अठ्ठावन्न दिसले की चांगली झोपलेली असूनही दिवसभर गळून गेल्यासारखं व्हायचं. अशा आकड्यांपायी लागणाऱ्या काळजीला २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलंय. मी सकाळचा तो संदेशच बंद करून टाकला.

नाडी मात्र बरी दाखवतो. बोटांनी मोजून ताडून पाहिली, स्वस्थ बसलेलं असताना दोन-तीनचा फरक. पावलांत गफलत आहे. खवणीवर एक नारळ खोवला की शंभराच्या वर पावलं चढतात. बाजारातून पिशवी धरून चालत आलं की तो हात हलत नाही, म्हणून कमी पडतात.

पट्ट्याचा त्रास झाला. एप्रिलात सिलिकॉनखाली घाम साचून लाल चट्टा उठला, खाज सुटली. मग रोज आंघोळीला काढून ठेवायचा, मनगट कोरडं करायचं, एक दिवस डावा हात, एक दिवस उजवा. शेवटी कापडी पट्टा घेतला, चट्टा गेला. पाठीमागचा हिरवा दिवा मच्छरदाणीत उगाच चमकतो, रात्री सतत नाडी मोजण्याची सोय बंद केली की तोही थांबतो. बॅटरी सुरुवातीला तेरा दिवस पुरायची, आता नऊ. पावसात वीज जाते, म्हणून मी रविवारी सकाळी आठवणीने चार्जिंगला लावते.

शेजारच्या बाय गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या, त्यांनीही असा बँड घेण्याविषयी विचारलं. त्यांना म्हटलं, दुकानात गेल्यावर आधी मनगटाला बांधून थरथर जाणवते का बघा, आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात का बघा, आणि मराठी संदेश नीट उमटतात का तेही.