मोटरहोमच्या छपरावर न झालेले काम

इंग्लंडमध्ये, यॉर्कशर परगण्यात राहत असताना आम्ही २०२१ साली एक जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, विकत घेतले. पुढच्याच वर्षीच्या पावसाळी ऑक्टोबरमध्ये चालकाच्या डोक्यावरच्या बिछान्यात निजणाऱ्या मुलाने उशीला कुबट वास येतो अशी तक्रार केली, आणि त्या कोपऱ्यातली भिंत बोटाने दाबून पाहिली तेव्हा ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

या जातीच्या गाडीची भिंत म्हणजे बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा व थर्माकोल, आणि आतून प्लायवुडची पातळ फळी. जिथे छत आणि भिंत मिळतात तिथे सांध्यावर धातूची पट्टी स्क्रूने आवळलेली असते व तिच्याखाली मऊ सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणासारख्या पदार्थाचा, थर असतो. वर्षे सरतात तसा हा थर वाळून भेगाळतो. शिवाय गाडी रस्त्यावर सतत हिंदकळत असल्याने सांधेही सैल होतात. एकदा आत शिरलेले पाणी लाकडाच्या कडेकडेने वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी उमटते, त्यामुळे जिथे ओल दिसते तिथे छिद्र असेलच असे नाही. आमच्या फसवणुकीला नेमका हाच गुण उपयोगी पडला, कारण ‘गळती कुठूनही असू शकते, म्हणून सगळे सांधे नव्याने करावे लागतील’ हे वाक्य खरेही असते आणि ग्राहकाला ते पडताळून पाहताही येत नाही.

घरी येऊन काम करणारा एक कारागीर ओळखीतून मिळाला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून, जुना सीलंट खरवडून, नवी ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी फीत) लावून पट्ट्या पुन्हा बसवीन, असे त्याने सांगितले आणि १,१५० पौंड ठरले. ते मी रोख दिले. काम चार तासांत आटोपले. या कामाला किमान दोन दिवस लागतात हे मला तेव्हा माहीत नव्हते; परंतु चार तासांत एवढे स्क्रू सुटून पुन्हा बसले कसे, एवढा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. छतावर चढू नका, पत्रा दबेल, असे तो म्हणाला व त्याने मोबाइलवर छायाचित्रे पाठवली. कोकणातल्या आमच्या घराची शाकारणी चालू असताना वडील स्वतः शिडीवर उभे राहून प्रत्येक कौल पाहत असत, आणि इथे मी खाली उभा राहून चहा करून दिला.

जानेवारीपर्यंत ओल बिछान्यावरून उतरून कपाटाच्या मागे पोहोचली. दुसऱ्या तंत्रज्ञाने गाडीतल्या सगळ्या झडपा बंद केल्या, पंख्याने आत हवेचा दाब वाढवला आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारले. समोरच्या वरच्या दिव्याच्या कडेला आणि डाव्या पट्टीच्या एका टोकाला बुडबुडे आले. पट्ट्या कधी निघाल्याच नव्हत्या. त्यांच्या कडांवरून पांढऱ्या सिलिकॉनचा जाड हात फिरवलेला होता. त्यातही खालची कड बंद केल्यामुळे पट्टीमागे शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरली नव्हती, म्हणजे पैसे देऊन मी गळती वाढवून घेतली होती. सिलिकॉनचा अंश उरला तर त्यावर दुसरा कोणताही सीलंट नीट चिकटत नाही, म्हणून तो खरवडण्यातच या तंत्रज्ञाचा एक पूर्ण दिवस गेला. कोपऱ्यातले लाकूड हाताने चुरगळता येईल इतके कुजले होते. एकूण खर्च ३,८०० पौंड.

त्यानंतर मी ती जुनी छायाचित्रे नीट पाहिली. त्यांतल्या छतावर सौर पॅनेल होते, आमच्या छतावर ते कधीच नव्हते.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा वाजवी काळजीने व कौशल्याने देणे बंधनकारक आहे, आणि इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा लघुवाद पद्धतीने, म्हणजे लहान रकमांसाठीच्या सोप्या न्यायालयीन मार्गाने, लावता येतो. मात्र दावा लावायला प्रतिवादीचा पत्ता लागतो; माझ्याकडे पावती नव्हती, फक्त एक मोबाइल क्रमांक होता, आणि तो बंद झाला. हीच रक्कम क्रेडिट कार्डाने थेट त्याला दिली असती, तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आले असते.

आपल्यापैकी कोणी असे काम करवून घेणार असेल, तर कामाआधी व नंतर ओल मोजण्याच्या यंत्राचे आकडे त्याच त्या जागांवर, स्वतःसमोर, लिहून घ्यावेत. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, २० च्या पुढे कारण शोधावे, आणि ३० च्या पुढे आतले लाकूड गेले असण्याची शक्यता मोठी. दाब देऊन केलेली चाचणी मागावी, काढलेल्या पट्ट्या जमिनीवर ठेवलेल्या स्वतः पाहाव्यात, आणि जुने स्क्रू मागून घ्यावेत. गंजलेले स्क्रू दाखवता न येणाऱ्याने पट्टी काढलेली नसते असे माझे मत झाले आहे. सिलिकॉनची नळी दिसली, तर काम तिथेच थांबवावे.

आमच्या डाव्या कोपऱ्यातला आकडा शेवटच्या मोजणीत १७ आला. पाऊस लागण्यापूर्वी मी तो पुन्हा मोजणार आहे.