लिलिपॉन्ड २.२४ सोर्सवरून : नऊ महिने, दोन बिल्ड आणि एकतीस सेकंदांचा वैताग

मागच्या पंधरवड्यात नेटबुकची हार्ड डिस्क गेली. दोन दिवस टकटक करत होती, तिसऱ्या दिवशी गप्प झाली. दुकानात नेलं तर काउंटरवरच्या पोरानं झाकण न उघडताच निकाल दिला, "काका, हे डबडं भंगारात घाला. डेटा पायजेच आसंल तर साडेसहा हजार." मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करतो. चाळीस वर्षांची पंपाची मोटार आली तरी आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघतो, मग तोंड उघडतो. डोकंच फिरलं. तिथंच थोडं वाजलं आमचं. शेवटी १२० जीबीची एसएसडी घेतली, घरी येऊन चार स्क्रू काढले, बसवली, डेबियन लिनक्स परत टाकलं आणि लिलिपॉन्ड, म्हणजे पाच रेघांवरचं स्वरलेखन छापायचं सॉफ्टवेअर, परत सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधायला घेतलं.

या दुसऱ्या बिल्डात कळलं की नऊ महिने ज्या एका गोष्टीवरून मी या सॉफ्टवेअरला शिव्या देत होतो, त्यातलं निम्मं पाप माझंच होतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

लिलिपॉन्ड काय आहे ते याहून जास्त सांगत बसत नाही, इथवर वाचणाऱ्याला ते माहीत असणार. पण आयतं पॅकेज असताना सोर्सवरून का, हे सांगायला हवं, कारण हा प्रश्न मला पोरापासून आमच्या वरातीच्या बँडच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांनी विचारला. माझं यंत्र ॲटम एन २७०, १.६ गिगाहर्ट्झ, २ जीबी रॅम. प्रोसेसर ३२ बिटांचा. २.२४च्या तयार बायनरी ६४ बिटांसाठीच मिळतात. डेबियन ११मध्ये येतं ते २.२२. आणि पुण्याच्या एका ओळखीच्या वादकानं बँडसाठी पाठवलेल्या फायली सगळ्या २.२४च्या. जुनी फाइल नव्या आवृत्तीत न्यायला कन्व्हर्ट-एलवाय आहे, पण ते वरच चढतं, खाली उतरत नाही. डेबियन १२ टाकलं असतं तर पॅकेजातच २.२४ मिळालं असतं, हेही खरं. पण दुकानातल्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर डेबियन ११वर बसवायला मला तीन रविवार लागले होते. त्याला हात लावायची माझी छाती नाही. नवा लॅपटॉप घ्या म्हणणाऱ्यांनी पैसे पाठवावेत.

म्हणून मग टारबॉल (मूळ कोडचं गाठोडं) उतरवला आणि कॉन्फिगर, म्हणजे बांधणीला लागणारं सगळं यंत्रात आहे का ते बघणारी आज्ञा, चालवलं. इथं एक मान्य करतो, या कॉन्फिगरची रीत चांगली आहे. एक नसलेली गोष्ट सांगायची, ती टाकली की दुसरी सांगायची, असा छळ करत नाही. काय काय नाही त्याची सगळी यादी शेवटी एकदम देतं : बायसन, फ्लेक्स, फॉन्टफोर्ज, मेटापोस्ट, टी१एएसएम. किराणा मालाची चिठ्ठीच. नुसतं गाइल (लिलिपॉन्डच्या आतला स्कीम भाषेतला कोड चालवणारा भाग) असून चालत नाही, त्याचं बांधणीसाठीचं डेव्ह पॅकेज लागतं, ते मला अर्ध्या तासानं उमगलं. सी०५९ हा मजकुराचा फॉन्टही मागतं, तो यूआरडब्ल्यूच्या फॉन्ट-पॅकेजात असतो. जाणकार म्हणतील, बिल्ड-डेप म्हणून एक आज्ञा आहे, एका फटक्यात सगळं येतं. येतं की! पण दस्तऐवज बांधायला लागणारं टेकलाइव्ह या छपाईच्या सॉफ्टवेअरचं अख्खं बिऱ्हाड घेऊन येतं, आणि मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबीचा पॅक. दस्तऐवज नकोत असं कॉन्फिगरला सांगितलं आणि यादीतलं एकेक हातानं टाकलं.

पहिल्या दिवशी शहाणपणा करून मेकला, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी करणाऱ्या आज्ञेला, एका वेळी चार जॉब दिले. २ जीबी रॅममध्ये चार सी++ कंपायलर! विसाव्या मिनिटाला कर्सर हलेना, आणि मग कंपायलर मारला गेल्याचा निरोप. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवला, एकच जॉब ठेवला आणि दुकानात कामाला लागलो. अधूनमधून येऊन बघायचो. पडद्यावरून फायलींची नावं सरकत होती : बीम, स्लर, टाय, स्टेम. क्लॅरिनेटच्या कागदावर जे जे दिसतं त्या प्रत्येकाची एकेक फाइल. मोटारीच्या स्टेटरच्या खाचांत एकेक कॉइल बसताना बघावी तसं मी ते बघत उभा राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, "काय पिक्चर लावलाय काय?"

दुपारी लाइट गेली. नेटबुकच्या बॅटरीनं दोन वर्षांपूर्वीच राम म्हटलेला. लाइट आल्यावर मेक परत चालवलं, ते जिथं थांबलं होतं तिथून पुढं गेलं. मी खूश. आणि सगळं झाल्यावर, जोडणीच्या वेळी, एक फाइल अर्धवट असल्याची तक्रार. लाइट गेली त्या क्षणी ग्रॉब नावाच्या एका भागाची कंपाइल झालेली (ऑब्जेक्ट) फाइल लिहिली जात होती, ती शून्य बाइटांची पडून राहिलेली. फाइल आहे म्हटल्यावर मेकला वाटलं काम झालंय. ती एक फाइल पुसली, मेक परत, झालं. हे सांगतोय अशासाठी की आपल्याकडं लाइट जाणारच, आणि त्यासाठी सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. सगळं धरून पावणेचार तास लागले. यातला बराचसा वेळ सी++चा नाही, फॉन्टचा.

फॉन्टबद्दल थोडं थांबतो, कारण बाकी काहीही बोललो तरी हे सॉफ्टवेअर मी सोडत नाही ते याच्यापायी. एमेंटालर असं नाव आहे त्याचं, चीजवरून. मूळ आकार मेटाफॉन्ट या फॉन्ट रेखाटायच्या भाषेत लिहिलेले, आणि बिल्ड करताना त्यातून आठ वेगवेगळ्या मापांचे फॉन्ट बनतात, ११पासून २६पर्यंत. एकच फॉन्ट लहान-मोठा केलेला नाही. लहान मापात स्वराचं डोकं आणि चिन्हं थोडी जाड, भरीव. पहिल्यांदा वाटलं, काय हा गोऱ्या माणसांचा चोखंदळपणा, आमच्या ॲटमला उगाच घाम. मग लग्नसराई आली.

आमच्या पथकात कागद वाचून वाजवणारे पाच-सहाच. बाकीचे कानावर. ते पाच-सहा जण क्लॅरिनेट, ट्रम्पेटला चिमट्यासारखा लायर लावतात आणि त्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात पोस्टकार्डाएवढा कागद. वरातीत, रात्री, चालत, समोर डोळ्यांवर एलईडी. आधी मी हातानं लिहिलेली पानं झेरॉक्सवर लहान करून द्यायचो. लहान केलं की रेघाही बारीक होतात, आणि दांड्या, शेपट्या सगळं पुसट. लिलिपॉन्डमध्ये पान ए६, स्टाफ (पाच रेघांची पट्टी) १४ असं सांगितलं आणि छापून दिलं. पहिल्याच वरातीनंतर मास्तर कागद हातात धरून म्हणाले, "चष्मा न लावता दिसालंय की ओ! परत काढून द्या, सगळ्या चाली." मास्तरांचं वय ७१. त्यांनी आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीला बरं म्हटलेलं नाही, क्लॅरिनेटला तर नाहीच.

दुसरी सोय ट्रान्सपोजची. बी-फ्लॅटच्या क्लॅरिनेट-ट्रम्पेटला एक सूर वर लिहावं लागतं, ई-फ्लॅटच्या आल्टो सॅक्सला मेजर सिक्स्थ वर. पूर्वी हे मी वहीत बोटं मोजून करायचो, आणि प्रत्येक चालीत एक तरी कोमल-तीव्राची चूक सापडायची, तीही वाजवताना. आता चाल एकदाच लिहायची, प्रत्येक वाद्याला एकेक ओळ. स्वरांची नावं मुळातली डच आहेत, बेस म्हणजे बी-फ्लॅट, फिस म्हणजे एफ-शार्प. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते पाच मिनिटं हसत होते. भाषा बदलता येते, पण मला आता फिसच बरं वाटतं. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात पाच रेघांचं कौतुक तसंही कुणाला नाही. साधी स्टाफची वही मागितली तरी दुकानदार चित्रकलेची दाखवतो.

आता त्या एकतीस सेकंदांकडं येतो.

पहिल्या दिवसापासून, चार स्वरांची फाइल दिली तरी लिलिपॉन्ड आधी एकतीस सेकंद काहीही करत नसे. मोबाइलचं घड्याळ लावून मोजलेत. एक स्वर चुकला, दुरुस्त केला, एकतीस सेकंद. स्लर उलटा पडला, वर घेतला, एकतीस सेकंद. रात्री जेवून बसलो की एका चालीला वीस वेळा तरी चालवावं लागतं, म्हणजे दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. बायको म्हणायची, "त्याला काय झोप लागती काय हो मधनं?" मी वाचलं होतं की २.२४पासून गाइल १.८ सोडून २.२वर गेलेत. झालं, आरोपी सापडला. जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो की नवं गाइल जड आहे, गरिबाच्या यंत्राचा विचार कोणी केलेला नाही. तोवर एक उपाय काढला होता : रात्रभरच्या दुरुस्त्या साठवायच्या आणि दहा फायली एकाच आज्ञेत द्यायच्या, म्हणजे ते एकतीस सेकंद एकदाच मोजावे लागतात. या उपायाचा मला फार अभिमान होता.

हार्ड डिस्क गेल्यावर दुसऱ्या बिल्डाला, पहिल्यांदाच, बांधणीच्या सूचना शेवटपर्यंत वाचल्या. मेक. मेक इन्स्टॉल. आणि त्यात मेक बाइटकोड, मेक इन्स्टॉल-बाइटकोड.

गाइल १.८ स्कीमच्या फायली तशाच वाचायचं. २.२ला त्या आधी बाइटकोडमध्ये, म्हणजे यंत्राला पटकन पचेल अशा रूपात, बदलून दिलेल्या हव्यात. दिल्या नाहीत तर काम करतं, पण दर वेळी कच्च्या फायली वाचत सुरू होतं. मी नऊ महिने त्याला कच्चं खायला घालत होतो. दोन्ही आज्ञा चालवल्या, ॲटमला पाऊण तास लागला. मग तीच चार स्वरांची फाइल दिली आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. नऊ सेकंद. परत लावलं. नऊ.

आनंद झाला म्हणावं तर आधी संताप आला. स्वतःवर थोडा, बाकीचा त्यांच्यावर. अहो, इतकं महत्त्वाचं आहे तर मेक इन्स्टॉलमध्येच का घालत नाही? विसरलं तर एखादी ओळ तरी पडद्यावर यावी, की बाबा, बाइटकोड नाही, हळू चालेल. मी मोटार देताना टर्मिनल बॉक्सवर खडूनं स्टार की डेल्टा लिहून देतो. गिऱ्हाईक वायरमन आहे की नाही ते मी बघत नाही. १९९६पासून चालत आलेला प्रकल्प, इतकी हुशार माणसं, आणि ही एक ओळ सुचू नये? हा राग अजून गेलेला नाही. पण गाइल जड आहे हे माझं म्हणणं मी मागं घेतो. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यातल्या दोघांना फोनही केला. एकाला मी काय सांगितलं होतं तेच आठवत नव्हतं.

मराठी शब्दांचं विचाराल तर ते अनपेक्षित चांगलं निघालं. पुतणी शाळेत सिंथेसायझर शिकते, तिला प्रार्थना स्वरांसकट हवी होती. मजकूर पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून जातो, त्यामुळं देवनागरी फॉन्ट टाकलेला असला की ज्ञ, क्ष, रफार, सगळं जागच्या जागी. अडचण येते ती शब्द फोडताना. ‘दिव्य’ दोन स्वरांवर म्हणायचा तर दि आणि व्य असं तोडावं लागतं. गाताना व् पहिल्या स्वरावर लागतो, पण तसं लिहिलं की पाय मोडलेला व् एकटा उभा राहतो आणि पुतणी विचारते, "काका, हे काय?" लांबवलेल्या अक्षराला आपल्या भातखंडे पद्धतीत ऽ ऽ टाकतात, इथं खाली रेघ ओढली जाते. मला रेघ आवडली. तिच्या बाईंना अवग्रह हवे होते. अवग्रह हे अक्षरच आहे, त्यामुळं प्रत्येक स्वराखाली तेही घालून दिलं.

म्यूजस्कोर हे पडद्यावरच स्वर मांडायचं सॉफ्टवेअरही बघितलं होतं. या यंत्रावर उघडतं, पण पान सरकवलं की हात आधी आणि पान नंतर. नवं यंत्र असणाऱ्यानं खुशाल ते घ्यावं, त्याला हे सगळं रामायण करायची गरज नाही. लिलिपॉन्ड मी प्रीफिक्स (कुठं बसवायचं ती जागा) देऊन होम फोल्डरमध्येच टाकलंय, त्यामुळं रूटचा पासवर्ड लागला नाही आणि डेबियनचं २.२२ शेजारी सुखानं राहतंय.

राहिला डेटा, ज्याचे साडेसहा हजार मागितले होते. एकसष्ट चाली, सगळी वाद्यं धरून. नुसता मजकूर असतो हो तो, वहीत लिहिल्यासारखा. सगळं मिळून १ एमबीसुद्धा होत नाही, आणि त्याची एक प्रत दुकानाच्या किल्ल्यांना अडकवलेल्या पेन ड्राइव्हवर आधीपासून होती. पीडीएफ परत काढायला एकसष्ट फायली एका आज्ञेत दिल्या आणि मोटारीला वॉर्निश मारायला गेलो. वाळवायला ठेवून परत आलो तोवर सगळ्या तयार होत्या. फक्त एक सोडून, एका चालीत कंस बंद करायचा राहिला होता. ती चाल मास्तरांनी सांगितलेली, आणि कंस त्यांच्यासमोर बसूनच लिहिलेला.