जुन्या मोटरहोममधलं स्वयंपाकघर: रंगवायचं, शटरं बदलायची की सगळंच काढायचं?

जुन्या मोटरहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) ओट्यासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न रंगाचा पडतो. तो खरं तर शेवटी यायला हवा. आधी ओल तपासा. दोन टोकांचं, ओल मोजणारं मॉइश्चर मीटर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, सिंकमागच्या भिंतीला, छताच्या झरोक्याच्या कडेला आणि फ्रीजच्या जाळ्यांभोवती लावून पाहा. आकडा १५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. १५ ते २० असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. त्याच्याही वर गेला किंवा बोटाने दाबल्यावर पॅनेल मऊ लागलं, तर स्वयंपाकघर बाजूला ठेवा. खिडकी उतरवून जुनं सीलंट खरवडणं, कुजलेल्या लाकडी पट्ट्या बदलणं, नवी ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून खिडकी परत बसवणं, हे काम पहिलं. ओल्या भिंतीवर नवा ओटा बसवला तर दोन-तीन वर्षांत तोच ओटा पुन्हा काढावा लागतो.

दुसरी तपासणी वजनाची. पाणी, गॅस, सामान आणि माणसं धरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि गाडीवर कंपनीने लावलेल्या पाटीवरच्या कमाल वजनातून तो आकडा वजा करा. जुन्या गाडीत उरलेला फरक बहुधा वाटतो त्यापेक्षा कमी निघतो, आणि पुढची निम्मी निवड तोच करतो.

रंग किंवा फिल्म

सगळ्यात स्वस्त आणि हलका मार्ग. अडचण अशी, की जुनी शटरं दिसतात लाकडाची, पण वर असतो छापील कागद किंवा विनाइल, आणि खाली पातळ प्लाय, एमडीएफ नाहीतर पार्टिकल बोर्ड. कडेला नख लावून वरचा थर सुटतोय का पाहा. सुटत असेल तर रंग कितीही चांगला असो, थरासकट पोपडे निघणार. अशा वेळी हीट गनने तो थर पूर्ण काढा. घट्ट असेल तर तेलकटपणा दोनदा धुऊन काढा (हँडलभोवती तिसऱ्यांदा), २४० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारा, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावा आणि पाण्यावरच्या इनॅमलचे दोन पातळ हात द्या. हाताला रंग काही तासांत सुकतो, पण कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर शटर घट्ट बंद ठेवलं तर चौकटीला चिकटतं.

चिकटवायची फिल्म झटपट लागते, पण शेगडीशेजारी आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत तिच्या कडा उचलतात. शेगडीलगतच्या फळीला ती लावूच नये.

कपाटांची खोकी तीच, शटरं आणि ओटा नवा

सांगाडा कोरडा आणि ताठ असेल तर बहुतेकांनी हाच मार्ग धरावा. दिसतं जवळपास नव्यासारखं आणि नळ्या-वायरींना हात लागत नाही.

इथे सामान निवडताना चूक होते. १८ मिमी एमडीएफ चौरस मीटरला साधारण १३–१४ किलो भरतो, १५ मिमी पॉपलर प्लाय जेमतेम ७. आठ बाय चारच्या अख्ख्या शीटमागे हा फरक वीसेक किलोंचा पडतो. शिवाय एमडीएफची उघडी कड वाफेने फुगते, त्यामुळे खालच्या कडेलाही एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी) हवं. जाडी मनाने बदलू नका. दाबून उघडायची गोल कुलुपं ठरावीक जाडीसाठीच बनतात, आणि घरगुती बिजागरीच्या ३५ मिमी वाटीला सुमारे १२ मिमी खोली लागते. १२ मिमीच्या शटरला ती आरपार जाईल. नुसत्या चुंबकावर किंवा सॉफ्ट-क्लोजवर विसंबलात तर पहिल्याच वळणावर भांडी जमिनीवर.

ओट्याला ग्रॅनाइट नको: २० मिमीचं चौरस मीटरला ५० किलोंच्या वर जातं. १२ मिमी सॉलिड सरफेस (राळेचा कृत्रिम दगड) २० किलोंच्या आसपास, आणि हलक्या प्लायवर लॅमिनेट ८–१० किलो. सिंकसाठी कापलेली कड ओटा बसवण्याआधीच इपॉक्सीने किंवा वॉर्निशने बंद करा. पाणी मुरतं ते तिथूनच.

सगळं काढून नवं

सांगाडा कुजलेला असेल किंवा मांडणीच बदलायची असेल, तरच. कित्येक गाड्यांत आधी जमिनीवर फर्निचर उभं राहतं, मग भिंती आणि छत चढतात. त्यामुळे जुनं खोकं दारातून अख्खं निघत नाही, तोडावं लागतं. नवंही आतच जोडायचं. वरची कपाटं आणि भिंतीचा ताठपणा काही प्रमाणात या खोक्यांवर टेकलेला असतो, म्हणून काढण्याआधी वर आधार द्या. भिंतीचं आतलं पॅनेल जेमतेम ३ मिमीचं असतं, त्यात स्क्रू धरत नाही. आतली पट्टी शोधून तिच्यात स्क्रू मारा. पट्टी नसेल तिथे अॅल्युमिनियम अँगल पीयू (पॉलियुरेथेन) अॅडहेसिव्हने चिकटवा. घरगुती मॉड्युलर खोकी इथे बसवू नयेत. ती जड असतात, आणि धक्क्यांनी त्यांचे सांधे ढिले होतात.

फ्रीज

खर्च खरा इथे वाढतो. जुना, गॅस, १२ व्होल्ट आणि घरगुती वीज अशा तीन प्रकारे उष्णतेवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रीज गॅसवर आवाज न करता दिवसेंदिवस चालतो, पण गाडी समतल हवी आणि बाहेर ३५ अंशांच्या वर गेलं की तो दमतो. १२ व्होल्टवर तो १० अँपिअरहून जास्त ओढतो, म्हणून ती सोय फक्त इंजिन चालू असताना वापरायची. कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यातही नीट थंड करतो आणि थोडा तिरपा चालतो. ८०–१०० लिटरचा फ्रीज उष्ण हवेत दिवसाला ३० ते ५० अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासांच्या लेड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे सोलर नसेल तर एका दिवसात खडखडाट. नेहमी वीज मिळणाऱ्या जागी थांबत असाल किंवा छतावर पॅनेल असेल तर कॉम्प्रेसर घ्या, नाहीतर जुना चालतोय तोवर चालू द्या.

जुनी १.५ चौरस मिमीची वायर कॉम्प्रेसरला जोडू नका. बॅटरी पाच मीटरवर असेल तर ५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच गळतो, आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रीज कमी व्होल्टेज समजून बंद पडतो. ६ चौरस मिमी वायर टाका, फ्यूज बॅटरीजवळ.

शेगडी आणि नळ

इंडक्शनचा मोह टाळा. २००० वॉटला १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरमधला तोटा धरून, १८० अँपिअरच्या वर लागतात. गॅस ठेवा, पण ज्योत विझली की गॅस बंद करणारी शेगडी घ्या आणि तिचा दाब रेग्युलेटरशी जुळवा. युरोपातल्या काही जुन्या गाड्या ५० मिलीबारच्या आहेत, नव्या शेगड्या ३०च्या. जोडणी आणि गळतीची चाचणी परवानाधारक फिटरकडून करून घ्या. जमिनीतलं गॅस बाहेर जाण्याचं भोक नव्या खोक्याखाली झाकलं जाणार नाही हे पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

नळ बदलण्याआधी जुन्याच्या खालून दोन बारीक वायरी येतात का पाहा. येत असतील तर आत मायक्रोस्विच आहे: नळ उघडला की तोच पंप सुरू करतो. त्याजागी गरम-गार पाण्याचा घरगुती मिक्सर नळ लावला तर पंपाला कळणारच नाही आणि थेंबही येणार नाही. तसा नळ हवाच असेल तर प्रेशर स्विचवाला (दाब उतरला की आपोआप सुरू होणारा) पंप घ्या. पण मग दाब कायम राहतो, आणि टाकीत बुडवलेल्या जुन्या पंपाच्या काळातले नळ्यांचे ढिले क्लिप गळू लागतात. तेही सगळे बदला.