‘फक्त बसवा आणि किल्ली फिरवा’ म्हणून विकलेलं इंजिन

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचा विचार असेल आणि कुणी तुम्हाला ‘पूर्ण सेट’ देतो म्हणत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझी फसवणूक इंजिनात झाली असं लोक समजतात. इंजिन खराब होतंच, पण खरी फसवणूक वेळेच्या हिशेबात होती, आणि तो हिशेब विकणाऱ्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगला माहीत होता.

गाडी मॉरिस मायनर. शेवटच्या मॉडेलची, 1098 सीसीची, साधारण 48 हॉर्सपॉवरची. गाडी देखणी, पण चढावर मागे रांग लागते. त्यात फोर्डचं झेटेक इंजिन बसवायचं ठरवलं: दोन लिटर, सोळा व्हॉल्व्ह, 130 च्या आसपास हॉर्सपॉवर. फोर्डच्या फोकस गाडीत हे इंजिन आडवं बसायचं आणि पुढची चाकं ओढायचं. मॉरिसमध्ये ते उभं बसवून मागची चाकं फिरवायची, म्हणजे गिअरबॉक्स फोर्डचाच जुना टाइप 9, मध्ये वेगळं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी छोटं बेअरिंग, आणि खाली उथळ संप, म्हणजे ऑइलचं भांडं. हे काम जगभर लोकांनी घरी केलेलं आहे, त्यात नवल काही नाही.

विकणाऱ्याकडे नेमकं हेच सगळं एकत्र होतं. इंजिन, गिअरबॉक्स, बेलहाउसिंग, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि एक किल्ली. उथळ संप आधीच चढवलेला. “तुमचा वेळ वाचवलाय साहेब, फक्त बसवा आणि किल्ली फिरवा.” वर कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते मोजल्याचा व्हिडिओ: गेज लावलेलं, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे. ओडोमीटरचा फोटोही होता. मायलेज कमी, पण संशय यावा इतकंही कमी नाही. माणूस जाणकार होता. फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) पाण्याचा पाइप कुठे अडकतो, तिथे काय करावं लागतं, हे त्याने न विचारता सांगितलं. असं बारीकसारीक बरोबर सांगणाऱ्या माणसाचा लबाड म्हणून संशय येत नाही. त्याचं भांडवल तेच होतं.

पावतीवर लिहिलं होतं: ‘इंजिन गिअरबॉक्ससह, 1 नग, जसे आहे तसे.’ इंजिन नंबरचा रकाना कोरा. “नंबर नंतर टाकून देतो,” म्हणाला. गॅरंटीचा वेगळा कागद. त्यात मुदत माल ताब्यात घेतल्यापासून मोजायची, आणि हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) किंवा संप उघडला तर गॅरंटी संपली. हेड आणि संपच्या बोल्टवर त्याने पिवळ्या रंगाचे ठिपके दिले होते. बोल्ट फिरला की ठिपका तुटतो. बघताना हे फार व्यवस्थित वाटतं, कंपनीत करतात तसं.

आता घरी काम करणाऱ्याचा क्रम बघा. आधी जुनं इंजिन काढायचं. मग माउंटिंग बनवायची, गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा आणि फायरवॉल थोडी कापायची, मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट मापाने करून घ्यायचा, रेडिएटर बदलायचा. कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने लागतं, इंजेक्शनला 3 बार किंवा त्याहून जास्त. म्हणजे पंप, नळ्या, फिल्टर सगळं नवीन. मॉरिसची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) आणि डायनॅमोवर चालणारी, तीही उलटी करून अल्टरनेटर बसवायचा. चार चाकांना ड्रमब्रेक, 48 हॉर्सपॉवरच्या हिशेबाचे. ते आणि मागचा अॅक्सल तसेच ठेवून इंजिन बदलणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्या गाडीत बसत नाही. हे सगळं सुट्टीच्या दिवशी, रात्री जेवण झाल्यावर, पैसे साठतील तसं होतं. किल्ली फिरवायचा दिवस येतो तोवर गॅरंटीच्या कागदाचा उपयोग उरलेला नसतो. गॅरेजवाल्याला हे इंजिन विकलं असतं तर आठवड्यात परत आलं असतं. म्हणून तो गॅरेजवाल्याला विकतच नाही. घरी काम करणारा हौशी माणूसच त्याला हवा असतो.

किल्ली फिरवली. स्टार्टरने इंजिन छान फिरवलं, पण एक ठिणगी नाही की पेट्रोलचा वास नाही. ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने तपासलं. क्रँक सेन्सरचा सिग्नल येत होता. या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर 36 दातांची जागा असते, त्यातला एक दात मुद्दाम ठेवलेला नसतो, आणि त्या मोकळ्या जागेवरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. तो नमुना पडद्यावर स्पष्ट दिसत होता. तरी इंजेक्टरला हुकूम जात नव्हता. मग त्याने वायरिंगचा पट्टा सोलला. किल्लीच्या कुलपाभोवती जे कडं असतं, किल्लीतली चिप वाचणारं, त्याच्या वायरी कापून, गुंडाळून आत दाबल्या होत्या. कडं नव्हतंच. किल्ली उघडली तर चिपही नव्हती. आणि ईसीयू निराळ्याच गाडीचा निघाला.

युरोपात 1998 पासून नव्या कारमध्ये इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचा झाला, फोर्डने तो त्याच्या आधीच द्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे अशा इंजिनाबरोबर ईसीयू, कडं आणि चिपवाली किल्ली एकाच गाडीची लागते. एक जरी दुसऱ्या गाडीचं असलं तरी ईसीयू म्हणजे नुसता डबा. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, कारण कड्याच्या वायरी नीट कापून वर टेप कुणीतरी गुंडाळली होती.

फोन केला. उत्तर तयारच होतं. “तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची ना? तुम्हीच ईसीयू जाळला.” मी अर्थ आधीच बदलला होता आणि ईसीयू जळालेला नव्हता, तो दुसऱ्या गाडीचा होता. पण हे उत्तर ऐकून मी क्षणभर गप्प झालो खरा. बहुतेक लोक तिथेच थांबत असतील, कारण स्वतः जोडलेल्या वायरिंगची खात्री छातीठोकपणे किती जण देतील?

पुढे मेगास्क्वर्ट बसवला. हा आपल्याला हवा तसा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, याला चिप लागत नाही. खरं तर अशा कामाला सुरुवातीपासून हाच सरळ रस्ता आहे, पण ‘सेट’मध्ये ईसीयू मिळतोय म्हटल्यावर कोण वेगळा खर्च करतो. इंजिन चालू झालं. आणि चालू झाल्यावर कळलं की न चालण्यातच त्याची झाकली मूठ होती. पांढरट धूर, खालून ठक् ठक्, आणि तिसऱ्या सिलिंडरचा जोर कमी.

कॉम्प्रेशन घेतलं. एक, दोन, चार ठीक. तीन बराच खाली. चार आकड्यांत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर काहीतरी बिघडलंय असं धरतात. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा घेतलं. रिंग गेल्या असतील तर ऑइलने आकडा वर चढतो. तो जवळपास तेवढाच राहिला. व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट म्हणावं, तर हवा भरून ऐकल्यावर कुठूनच गळती नाही.

मग लाकडाची एक सरळ काडी घेतली. चार सिलिंडरच्या अशा इंजिनात दुसरा आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी वर येतात. क्रँक हाताने फिरवून दोन्ही अगदी वर आणले, दुसऱ्या प्लगच्या भोकात काडी टेकवून भोकाच्या कडेशी पेन्सिलने खूण केली. तीच काडी तिसऱ्यात घातली तर खूण भोकाच्या आत गेली. पिस्टन वर पोचतच नव्हता, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला होता. चालत्या इंजिनाने सिलिंडरात पाणी ओढलं की असं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो.

पिवळे ठिपके तोडून संप उतरवला. ऑइल नवीन होतं, संपही चकचकीत. पण ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाळी असते, तिच्या आतल्या कोपऱ्यात बारीक गाळ चिकटलेला. बोटावर घेतला तर पिठासारखा मऊ, ऑइलने काळा, पण पुसल्यावर खाली मातकट पिवळा. मग वायरिंगचे कनेक्टर एकेक करून उघडले. खालच्या बाजूच्या कनेक्टरांत रबरी सीलच्या मागे तोच पिवळा थर. हेड काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचं कडं दिसलं, पिस्टन पाणी घेऊन ज्या उंचीवर थांबला होता तिथे. गाडी पाण्यात बुडाली होती. इंजिन बाहेरून धुऊन, ऑइल बदलून, नवा संप लावून विकलं. संप ‘वेळ वाचवायला’ चढवला होता तो आम्हाला उघडायचं कारण उरू नये म्हणून.

आणि तो व्हिडिओ. पुन्हा लावून, थांबवून बघितला. गेज धरलेल्या हाताच्या मागे हेडवरच्या झाकणाची कड दिसते. ती चंदेरी, धातूची. माझ्या इंजिनावर काळं प्लॅस्टिकचं झाकण. झेटेकची आधीची आवृत्ती चंदेरी झाकणाची, फोकसपासूनची काळ्या झाकणाची. “झाकण बदललंय,” तो म्हणाला. पण दोन्हींचं हेडच वेगळं आहे. आधीच्या आवृत्तीत व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट हायड्रॉलिक, ऑइलच्या दाबावर चालणारे, नंतरच्यात साधे. व्हिडिओतलं इंजिन दुसरंच होतं. हे सांगितल्यावर त्याने फोन घेणं बंद केलं.

तक्रार केली. पण पावतीवर नंबर नाही. समोर ठेवलेलं हे इंजिन त्याच्याकडूनच घेतलं, हे सिद्ध कसं करणार? त्याने लेखी उत्तर दिलं की असं इंजिन आपण विकलंच नाही, विकलं ते दुसरं. रकाना कोरा का ठेवला होता ते तेव्हा उलगडलं. गाडीच्या कागदांवर नवा इंजिन नंबर चढवायचा तर त्यालाही मूळ खरेदीचा पुरावा लागणार, म्हणजे इंजिन ठणठणीत असतं तरी मी अडकलोच असतो. शेवटी त्याने निरोप पाठवला: दुसरं इंजिन देतो, वरचा फरक भरा. मी भरला नाही.

असं इंजिन बघायला जाताना काय करायचं ते आता तरी सांगून टाकतो. नंबर ब्लॉकवर स्वतः वाचायचा, फोटो काढायचा, आणि तोच पावतीवर त्याच्या हाताने लिहून घ्यायचा. कॉम्प्रेशन समोर घ्यायला लावायचं, व्हिडिओ नको. काडी खिशात न्या, पैसे लागत नाहीत. खालचे दोनतीन कनेक्टर उघडून सीलमागे बघा. इंजिन धुणारा माणूस कनेक्टर धूत बसत नाही. ऑइल कोरं करकरीत असेल तर खूश होऊ नका, जुनं ऑइल बरंच काही सांगून जातं. ईसीयू देत असेल तर कडं आणि किल्ली त्याच गाडीची आहे का ते तिथेच इंजिन चालू करून बघायचं. आणि माल घरी आला की आधी तो गाडीत घालू नका. लोखंडी घोडीवर बांधा, बाहेर रेडिएटर आणि पेट्रोलचा डबा जोडा, एक बॅटरी लावा, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे इंजिन नीट तापेपर्यंत चालवा. गॅरंटीची मुदत असते ती यासाठीच वापरायची. गाडी कापायचं काम नंतर. ‘उघडलं तर गॅरंटी गेली’ अशी अट असेल तर तपासणीपुरतं उघडायची परवानगी लिहून मागा. देत नसेल तर तिथून निघा.

दुसऱ्या वेळी मी सुटं इंजिन घेतलंच नाही. मागून ठोकर बसलेली अख्खी फोकस घेतली, चालू स्थितीतली, कागदांसकट. आवारात चालवून बघितली, मगच सौदा केला. इंजिन नंबर गाडीच्या कागदांवर होताच. तिचा सांगाडा, दारं, सीट विकून बराचसा खर्च निघाला. मेगास्क्वर्ट आधीच हातात होता, तोच ठेवला.

पहिल्या सेटमधला गिअरबॉक्स आणि बेलहाउसिंग चांगलं निघालं, तेच वापरलं. संपही. ब्लॉक भंगारात गेला. हेडला एकाने गिऱ्हाईक होऊन विचारलं. मी नंबर घालून आणि ‘पाण्यात बुडालेल्या इंजिनाचे’ असं लिहून पावती दिली. त्याने लगेच भाव पाडला, आणि मी तेवढ्यात दिलं.