मैसूर की मुंबई? सीमाभागातल्या पोरांनी स्पीचचं एम.एस्सी. कुठं करावं

स्पीच-हिअरिंगच्या, म्हणजे वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीची इंटर्नशिप संपत आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं एक-दोन फोन हमखास येतात. "दादा, फॉर्म कुठला भरू?" फॉर्म तर दोन्हीकडचे भरून झालेले असतात. खरा प्रश्न असतो तो नाव दोन्हीकडं लागलं तर जायचं कुठं. म्हणजे मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, जिला आपण सगळे आयिश म्हणतो, की वांद्र्याची अली यावर जंग. धारवाड, पुणे, मंगळूर, बेंगळूर हे पर्याय आहेतच, पण फोनवर घोळ या दोघींचाच असतो. माझाही तोच होता. मी मैसूरला गेलो. का गेलो ते सांगतो, पण ते माझं आहे एवढं धरून वाचा.

बीएएसएलपी म्हणजे हीच पदवी. तिची तीन वर्षं आणि वर इंटर्नशिपचं चौथं ज्यानं काढलंय त्याला आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषद काय, तिथली नोंदणी कशाला, हे सांगत बसत नाही. एकच गोष्ट बजावतो, कारण मी स्वतः ती उशिरा बघितली. पदवीवर नाव काय येणार ते आधी वाचा. काही ठिकाणी ऑडिऑलॉजी, म्हणजे कानाचा विषय, आणि स्पीच एकत्र, एमएएसएलपी म्हणून. काही ठिकाणी दोन वेगळ्या एम.एस्सी. मैसूरला वेगळ्या आहेत, म्हणजे तिथं तुम्हाला कान की वाचा हे आधीच ठरवावं लागतं. गावात परत येऊन एकाच खोलीत हिअरिंग एड आणि थेरपी दोन्ही करायचा बेत असेल तर यावर दोन रात्री विचार करा. माझा तसा बेत नव्हता. ऑडिओमीटरशी, म्हणजे ऐकणं मोजायच्या यंत्राशी, माझं कधी जमलंच नाही.

नावलौकिकात उजवंडावं करण्यासारखं काही नाही. मैसूरची संस्था १९६५ची, वांद्र्याची १९८३ची, दोन्ही केंद्र सरकारच्या. एक आरोग्य मंत्रालयाकडं, दुसरी सामाजिक न्याय मंत्रालयाकडं. हा फरक कागदावरचा वाटतो, पण जाणवतो. सामाजिक न्यायकडं असल्यामुळं मुंबईत श्रवणयंत्रं, दिव्यांगांच्या योजना, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशननं कानात बसवायचं श्रवणयंत्र) हा सगळा पसारा मोठा. ॲडिप, म्हणजे दिव्यांगांना साधनं द्यायच्या केंद्राच्या योजनेतल्या इम्प्लांटची मध्यवर्ती जबाबदारी वांद्र्याकडंच असते. बहिऱ्या लेकराला ऐकायला आणि मग बोलायला शिकवायचं हेच ज्याला करायचंय त्यानं पुढचं वाचलं नाही तरी चालेल, मुंबईचं तिकीट काढा. मैसूरला वाचेच्या बाजूला वेगवेगळे कप्पे आहेत: तोतरेपणा, आवाज, फाटलेली टाळू, ऑटिझम, न बोलता संवाद साधायची साधनं. ज्याला अजून आपला कप्पा सापडलेला नाही त्याला हे बरं पडतं. मला नव्हता सापडला.

प्रवासाचं दोन ओळींत. दादर ते मैसूर शरावती एक्सप्रेस बेळगाववरनं जाते. एकाच गाडीची दोन टोकं, आणि आपण मधे. आठवड्यातनं एकदाच, त्यामुळं उपयोग कमी; पण फलाटावर उभं राहून "उजवीकडं की डावीकडं" असं मी खरंच एकदा मनाशी म्हटलं होतं. एरवी दोन्हीकडं एका रात्रीचं अंतर. राहण्याचा खर्च मैसूरला निश्चित कमी, हॉस्टेल मिळालं नाही तरी. जेवणाच्या बाबतीत मुंबई जिंकते. शोधली तर खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते. मैसूरला रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, गिळायला मला एक अख्खी सहामाही लागली.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांना जागा राखीव असतात, हे घरातले मोठे आवर्जून सांगतात. काकांनी मला तेच सांगितलं, आणि वर "आपल्या माणसांत जा" हेही. तुमचं गाव यादीत असेल तर दाखला काढून ठेवा, काढायला काही जात नाही. पण तो दाखला महाराष्ट्र सरकारच्या जागांसाठी. केंद्राच्या संस्थेचं गणित वेगळं, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय त्याच्या भरवशावर बसू नका.

आता "आपल्या माणसांत" याबद्दल.

इंटर्नशिपमधला एक महिना मी मुंबईतल्या एका क्लिनिकात काढला. नाव नको, माणसं चांगली होती आणि शिकायलाही पुष्कळ मिळालं. तिथं चंदगडकडचं एक कुटुंब यायचं, बाप कामासाठी मुंबईत, पोरगा साडेचार वर्षांचा, बोलायला उशीर झालेला. चित्रं दाखवून तपासणी चालली होती. "हा मुलगा काय करतोय?" पोरगा म्हणाला, "जेवायलाय." पुढचं चित्र जरा अवघड होतं, विहिरीवरचा रहाट की काहीतरी. "हे काय?" पोरगा म्हणाला, "काय की." परत विचारलं, परत तेच, "काय की." तपासणाऱ्या बाईंनी कागदावर लिहिलं: क्रियापदाची रूपं चुकीची, आणि इकोलेलिया.

आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी: "काय की" म्हणजे "माहीत नाही". बेळगाव-चंदगड पट्ट्यात लहानमोठी सगळी तसंच म्हणतात. प्रश्नात "काय", उत्तरात "काय की", आणि पोरगं प्रश्नच पोपटासारखा परत करतंय असं त्यांना वाटलं. मी हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं मराठीत म्हणत नाहीत." रागानं नाही हो, अगदी साधेपणानं. पुढं त्यांनी इकोलेलिया खोडलं, तेवढा मोठेपणा दाखवला. "जेवायलाय" मात्र चुकीचंच राहिलं.

नंतर सगळा महिना तेच. मी थेरपीला बसलो की मागनं बारीक आवाजात दुरुस्ती यायची. "करायलाय नको, करतोय म्हण. मुलासमोर मॉडेल शुद्ध हवं." मी "करतोय" म्हणायचो. "इथं ये की" मधला "की" गाळायचो. "कुठं"चं "कुठे" करायचो. दुरुस्ती करणाऱ्यांचं पूर्ण चूक होतं असं म्हणणार नाही; मुंबईत वाढणाऱ्या पोराला मुंबईचीच मराठी लागणार. पण चंदगडच्या पोराला त्याच्या आईची भाषा दोष म्हणून लावली जात होती, आणि मला माझ्या आईची. आपल्याच भाषेत मनातल्या मनात भाषांतर करून बोलायचं, तेही दिवसाला सहा-सात तास. संध्याकाळी खोलीवर आलो की मला बोलायचाच कंटाळा यायचा. वाचा शिकवायच्या धंद्यात हे जरा विचित्रच.

मैसूरला असं झालं नाही का? झालं की. आठवड्याभरात झालं. "माडाकत्तीनि" म्हणालो आणि बाजूचे दोघं फसकन हसले, तिथं "माडतिद्दीनि" म्हणतात. खोलीमालक विचारायचे, हुब्बळ्ळीकडचे का? त्यांच्या लेखी दावणगेरेच्या वर सगळं हुब्बळ्ळीच. घर खानापूर तालुक्यात, घरात मराठी बोलतो, हे सांगितलं की आणखी कोड्यात पडायचे. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे कन्नड माझी शाळेत आणि बसमध्ये मिळवलेली भाषा. ती कुणी दुरुस्त केली तर शिकल्यासारखं वाटतं, आईनं दिलेली भाषा दुरुस्त केली की झोंबतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मला कुणी "ही कन्नड नव्हे" असं म्हणालं नाही. "ही उत्तर कर्नाटकची कन्नड" असं म्हणाले. हसले, पण बोली म्हणून तिला जागा दिली. कदाचित माझं नशीब चांगलं असेल, भेटलेली माणसं तशी निघाली असतील. तुम्हाला उलटा अनुभव येऊ शकतो, मुंबईत कुणी तुमची बोली डोक्यावर घेईल.

आणि गंमत बघा, हे मला मैसूरमध्ये बसून उमगलं. "माडाकत्तीनि" म्हणजे "माडाक हत्तीनि", शब्दशः "करायला लागलोय". आपलं "करायलोय" तरी दुसरं काय आहे? दोन भाषा, पण वाक्य एकाच मातीत मळलेलं. मुंबईत जे चुकीचं रूप होतं ते इथं शेजारधर्म म्हणून नीट समजून घेता आलं. बोलीतला फरक आणि भाषेतला दोष यातली रेघ कुठं ओढायची, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. पुस्तकात तो दोन पानांत संपतो. मला तो "काय की"नं शिकवला.

आज बेळगावात बसल्यावर याचा उपयोग रोज होतो. टिळकवाडीतलं पोरगं, घरी मराठी, खाली खेळायला कन्नड, शाळा इंग्रजी, आणि आजी कोकणीत बोलणारी. ते "बस्सु आली" म्हणतं. कन्नडमध्ये बाहेरून आलेल्या शब्दालाही शेवटी स्वर चिकटतो, बस्सु, कारु, त्यामुळं हा दोष नव्हे. "चोर" आणि "चार" या दोन्हींतला च ते सारखाच काढतं. मराठीत हे दोन च वेगळे, चोरातला दातांपाशी आणि चारातला टाळूपाशी, कन्नडमध्ये तो भेद नाही. मग हे उच्चाराचं काम समजायचं की शेजारच्या भाषेची सावली? त्याच पोरानं कन्नडमध्ये काय केलं हे ऐकल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते ऐकायला कन्नडचा कान लागतो. कन्नडची उच्चारचाचणी १९७२ पासूनची आहे, पण चाचणी हातात असणं आणि कान तयार असणं यात अंतर आहे. मराठीचा कान मला घरातच मिळाला होता. कन्नडचा मात्र दोन वर्षं रोज रुग्णांसमोर बसून मिळवावा लागला. मुंबईला गेलो असतो तर जे होतं तेच जरा घासूनपुसून परत आलं असतं.

काकांना हे अजून पटलेलं नाही. एक नोव्हेंबरला इकडं आपली माणसं काळ्या फिती लावतात आणि तिकडं हॉस्टेलवर कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे; पहिल्या वर्षी त्या दिवशी मी खोलीतनं बाहेर पडलो नाही. दुसऱ्या वर्षी पडलो, मित्रांबरोबर मैसूरपाक खाल्ला आणि घरी सांगितलं नाही. हा भाग प्रत्येकानं आपापला निस्तरायचा.

तरीही मुंबई कुणाला सांगतो? वर म्हटल्याप्रमाणं कान आणि इम्प्लांटमध्ये ज्याचं मन आहे त्याला. ज्याला पुढं कोल्हापूर, पुणे, ठाणे इथंच राहायचंय त्याला. आणि ज्याची मराठी शाळेमुळं आधीच पुस्तकी आहे त्याला माझी कुरकुर लागूच होत नाही. मागं निपाणीच्या एका मुलीला मी स्वतः वांद्र्याला जा म्हणालो, ती तिथं रमली. तिनंच मला मग फोनवर विचारलं, "दादा, तुम्ही मुंबईला आला असतात तर?" मी म्हणालो, काय की.

बेळगावात किंवा खानापूर-बैलहोंगल बाजूला परत येऊन बसायचं असेल, आणि कन्नड फक्त बसच्या तिकिटापुरती येत असेल, तर मात्र मैसूरचा विचार जरा जास्त करा. मी तरी परत तेच करीन.

फॉर्म दोन्ही भरा. प्रवेशपरीक्षेला ऑडिऑलॉजी टाळू नका, स्पीचलाच जायचं असलं तरी. ध्वनिशास्त्राची गणितं परत सोडवा. ट्रेनिंगचे दिवस आणि तासांचा हिशेब असलेली वही सही-शिक्क्यानिशी पूर्ण करून घ्या, कारण कॉलेज सोडल्यावर सही देणारा माणूस कधीच जागेवर सापडत नाही. आणि मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकाल लागायच्या दिवशीच टाका. माझं यायला सव्वा महिना लागला, आणि तेवढे दिवस मी मैसूरच्या वर्गात हमीपत्रावर बसलो होतो.